पाटाचा गाळ आणि कर्जाचें खत

अन्नछत्रास दिलेला रुपया डोळ्यांस दिसतो. गुरांच्या छावणींत टाकलेली कडब्याची पेंढीही दिसते. परंतु गांवतळ्यांतील गाळ काढण्यास, फुटक्या बांधावर माती घालण्यास, किंवा सावकार व ऋणको यांस समोरासमोर बसवून चालू वर्षाचें व्याज सोडविण्यास जो खर्च व जे श्रम होतात ते कोणास दिसत नाहींत. म्हणूनच आमच्या मंडळीच्या कांहीं उदार आश्रयदात्यांनीं असा प्रश्न केला आहे कीं, भुकेल्यास अन्न देण्याकरितां जमविलेल्या निधीचा असा विनियोग कितपत योग्य आहे? प्रश्न रास्त आहे. ज्याचा पैसा त्यास तो विचारण्याचा अधिकार आहे. उत्तर देण्याचें काम कार्यकारी मंडळानें मजकडे सोंपविलें. माझा धंदा वकिलीचा. जें बोलावें तें पुराव्यानें बोलावें, ही संवय अंगवळणी पडलेली. म्हणून ज्या देशानें जगांत बहुधा सर्वांत आधीं पाटाच्या पाण्यावर मोठीं नगरें वसविलीं, त्या सुमेर देशासच मीं साक्षीस बोलाविलें आहे.

सुमेर म्हणजे हल्लींच्या इराकचा दक्षिण भाग. तैग्रीस आणि युफ्रेटीस या दोन नद्यांमधील ही सपाट भूमि. येथें दगड नाहीं, इमारती लांकूड नाहीं, धातूची खाण नाहीं. आहे ती केवळ माती. पाऊस वर्षाकांठीं २०० मिलिमीटरहूनही कमी पडतो. आपल्याकडे ज्यास आपण सदाचा अवर्षणग्रस्त मुलूख म्हणतों, त्या माणदेशासही याच्या दुपटीहून अधिक पाऊस मिळतो. केवळ आभाळाकडे पाहून येथें शेती करणें अशक्य होतें. नद्या मोठ्या खऱ्या, पण त्यांची रीत उफराटी. मिसर देशाच्या नाईल नदीस पूर्वी उन्हाळ्याच्या अखेरीस पूर येत असे, आणि तो ओसरतांच भिजलेल्या काळ्या मातींत शेतकरी पेरणी करीत असे. जणूं नदीनेंच पेरणीचा मुहूर्त काढलेला. तैग्रीस-युफ्रेटीस यांचा पूर उत्तरेकडील डोंगरांवरचें बर्फ वितळून एप्रिल-मे महिन्यांत येई, म्हणजे जव पिकून कापणीस आलेला असतां. आणि पेरणीच्या वेळीं, कार्तिकाच्या सुमारास, नद्या तळाशीं गेलेल्या असत. ज्या वेळीं पाणी हवें त्या वेळीं तें नाहीं, आणि नको त्या वेळीं तें दारांत उभें, अशी ही अवस्था होती. सुमेरच्या शेतकऱ्यास म्हणून दोन कामें एकदम करावीं लागलीं: पाणी आणणें आणि पाणी आवरणें. आणण्यासाठीं पाट, आवरण्यासाठीं बांध.

या नद्या सोबत अतोनात गाळ आणीत. तो काठांवर सांचून पात्रच भोंवतालच्या शेतांहून उंच होई. त्यामुळें काठ फोडला कीं पाणी आपोआप उताराला लागे. मोटेची किंवा रहाटाची गरज बहुतेक ठिकाणीं नव्हती. परंतु जेवढें फोडणें सोपें तेवढेंच आवरणें कठीण. शिवाय जो गाळ नदींत तोच पाटांत. एका हंगामांत पाटाचा तळ वर येई, दोन-तीन हंगाम उपसा झाला नाहीं तर पाणी चढेनासें होई. गाळ काढून तो पाटाच्या दोन्हीं अंगांस टाकीत. त्याचे लांबच लांब उंचवटे इराकच्या ओसाड माळावर आजही दिसतात, आणि त्यांच्या खुणेवरूनच संशोधकांनीं जुन्या पाटांचे नकाशे काढले.

१९५७ सालीं कार्ल विटफोगेल नामक विद्वानानें असें प्रतिपादन केलें कीं, मोठे कालवे खणण्यास मोठी सत्ता लागते, म्हणून पाटबंधाऱ्यांच्या देशांत एकतंत्री राजे निर्माण झाले. सिद्धांत ऐकावयास भारदस्त आहे. परंतु रॉबर्ट ॲडम्स यांनीं इराकचा माळ पायांखालीं घालून जी पाहणी केली, तिच्यावरून क्रम बराचसा उलटा दिसतो. आरंभींचे पाट आंखूड, गांवोगांवच्या लोकांनीं आपापल्या हातांनीं काढलेले व राखलेले होते. मोठे राजकीय कालवे त्यामागून आले. मला या निष्कर्षांत समाधान वाटतें. राजा येण्यापूर्वीं गांव होता, आणि गांवास गाळ काढतां येत होता.

पाटाच्या जोडीस शेतीचीं अवजारें सुधारलीं. नांगर बैलांनीं ओढला जाऊं लागला, आणि पुढें त्यास बीं पडण्याची नळी बसविली गेली. आपल्या पाभरीस जसें चाडें व नळी असते, त्याच जातीची ही योजना. मुठीनें फेंकून पेरलेलें बीं पुष्कळसें पांखरांच्या पोटांत जातें. नळींतून ओळीनें पडलेलें बीं मातीखालीं जातें आणि थोडकें पुरतें. सुमेरी भाषेंत शेतकऱ्यानें आपल्या मुलास केलेल्या उपदेशाचा एक लेख मातीच्या पाट्यांवर सांपडला आहे. या पाट्या सुमारें ३,७०० वर्षांपूर्वींच्या. त्यांत पहिलीच ताकीद बांध, चाऱ्या व उंचवटे यांवर नजर ठेवण्याची, म्हणजे शेतांत पाणी प्रमाणाबाहेर चढूं नये. मग भिजल्या जमिनीची निगा, नांगरटीच्या ओळी, बीं दोन बोटें खोल पडावें याची दक्षता, पिकाच्या कोणत्या उंचीस कोणती पाणपाळी द्यावी, आणि पीक तांबडें पडूं लागलें तर पाणी देऊं नये, इतका तपशील आहे. कापणीच्या भागांत मात्र एक गोष्ट अशी येते कीं, ती या अहवालाच्या वाचकांस मुद्दाम सांगावीशी वाटते. खालीं पडलेलीं कणसें शेतधन्यानें उचलूं नयेत. तीं पोरांसाठीं व सरवा वेंचणाऱ्यांसाठीं सोडावीं. दानधर्माचें हें कलम शेतकीच्या पाठांतच घातलें आहे, स्वतंत्र पुण्याच्या सदरीं नाहीं.

पाणी व पाभर यांनीं धान्य उरूं लागलें, आणि उरलेल्या धान्यास कोठार व कोठारास हिशेब लागला. उरुक नगरीचा विस्तार इसवी सनापूर्वीं ३१०० च्या सुमारास २५० हेक्टरांवर गेला होता. तेथील ज्या पाट्या जगांतील आद्य लेखनांत गणल्या जातात त्या स्तोत्रांच्या नाहींत, काव्यांच्या नाहींत. त्यांतील बहुतेक जव, मेंढ्या, माणसें व त्यांस द्यावयाचा शिधा यांच्या नोंदी आहेत. आमच्या व्यापारी बंधूंस हें वाचून अभिमान वाटेल, आणि तो वाजवी आहे. सरस्वती तेथें प्रथम खतावणींतच प्रकट झाली.

पाटाच्या गाळाचाही असाच कांटेकोर हिशेब असे. उर नगरीच्या तिसऱ्या राजवंशाच्या काळांत, म्हणजे इसवी सनापूर्वीं सुमारें २११२ ते २००४, एका माणसानें एका दिवसांत सुमारें तीन घनमीटर माती उपसावी असें माप ठरलेलें होतें. किती लांबीचा, किती रुंदीचा, किती खोल पाट; त्यास किती मजूर, किती दिवस, किती जव; हीं गणितें पुढें बाबिलोनी शाळांत मुलांस घालीत. पूर्ण वयाच्या पुरुष मजुराचा शिधा महिन्यास ६० सिला जव, सुमारें तितकेच लिटर, म्हणजे दिवसास दोन लिटर. आमच्याकडे १८७७ सालीं सर रिचर्ड टेंपल यांनीं दुष्काळी कामांवरील मजुरास दिवसाचें एक पौंड धान्य व वर एक आणा पुरेसा मानला होता. दोन लिटर जवाचें वजन एक पौंडाच्या दुपटीहून अधिक भरतें. चार हजार वर्षांच्या प्रगतीचा हा एक आंकडा नजरेखालीं असावा.

राजेही या कामांत आपली प्रतिष्ठा मानीत. त्या देशांत वर्षास आंकडा नसून नांव असे, आणि बाबिलोनचा राजा हम्मुराबी (कारकीर्द इ. स. पू. सुमारें १७९२ ते १७५०) याच्या तेहतिसाव्या वर्षाचें नांव एका कालव्यावरून पडलें आहे, त्या कालव्याचें नांव ‘हम्मुराबी म्हणजे प्रजेची समृद्धि’ अशा अर्थाचें होतें. परंतु मला त्या भव्य नांवापेक्षां त्याचीं साधीं पत्रें अधिक बोलकीं वाटतात. सिन-इद्दिनम नांवाच्या आपल्या अधिकाऱ्यास तो आज्ञा करतो कीं, दमानुम पाटाच्या कांठीं ज्यांचीं शेतें आहेत त्यांस बोलावून तो पाट साफ करवून घ्यावा, आणि काम याच महिन्यांत पुरें व्हावें. या आज्ञेंत एक तत्त्व आहे: ज्याची जमीन पाण्यावर, त्याच्याच माथीं गाळ.

पाणी आलें तेथें तंटाही आला. लगश व उम्मा या शेजारच्या दोन नगरांत गुएदिन्ना नांवाच्या सुपीक पट्ट्यावरून व तेथील हद्दीच्या पाटावरून पिढ्यानपिढ्या वैर चाललें. किश नगराचा राजा मेसिलिम यानें मध्यस्थी करून हद्दीचा दगड उभा केला. उम्मानें तो उपटला. पुढें लगशचा राजा एआन्नातुम यानें लढाई जिंकली आणि नवी सरहद्द खणली. तिच्या पलीकडील कांहीं जमीन उम्माकडे राहिली, पण तीबद्दल धान्य देणें ठरलें, व तें कर्ज म्हणून व्याजानें चढत राहिलें. कांहीं पिढ्यांत ती रक्कम एवढी फुगली कीं, उम्माची सारी भूमि पिकली असती तरी ती फिटली नसती. चक्रवाढ व्याजाचा हा जगांतील अत्यंत प्राचीन लेखी दाखला मानतात. वसुली अर्थातच झाली नाहीं. उम्माच्या राजानें हद्दीच्या पाटांचें पाणी वळविलें, सीमाशिला जाळल्या, आणि पुन्हां युद्ध झालें. हा सर्व इतिहास लगशचा राजा एन्मेतेना यानें इ. स. पू. २४०० च्या सुमारास मातीच्या शंकूवर कोरून ठेवला आहे. त्याच राजाच्या लेखांत आणखी एक शब्द येतो: ‘अमर्गी’. त्याचा अक्षरार्थ ‘आईकडे परत जाणें’. कर्जापायीं गुलाम झालेल्यास सोडून घरीं पाठविणें, देणीं माफ करणें, यास सुमेरी लोकांनीं हें नांव दिलें. धन्याच्या दारीं राबणाऱ्या माणसास आईकडे पाठविणें म्हणजेच मोकळीक, हा विचार कोणत्याही कायदेपंडिताच्या व्याख्येहून मला सरस वाटतो.

आतां कायद्याकडे येतों. हम्मुराबीची काळ्या पाषाणाची शिला १९०१-०२ सालीं फ्रेंच संशोधकांस इराणांतील सुसा येथें सांपडली. ती पॅरिस येथील लूव्र संग्रहालयांत आहे. तीवरील लेखाचीं संशोधकांनीं २८२ कलमें पाडलीं. त्यांतील त्रेपन्नावें कलम असें आहे कीं, जो आपल्या शेताचा बांध बळकट करण्यांत हयगय करील, आणि त्या बांधास खिंडार पडून शेजाऱ्यांचीं शेतें वाहून जातील, त्यानें त्यांचें गेलेलें धान्य भरून द्यावें. तें देण्याची ऐपत नसेल तर त्यास व त्याच्या मालमत्तेस विकून ती रक्कम नुकसान झालेल्या शेतकऱ्यांनीं वांटून घ्यावी, असें पुढचें कलम सांगतें. पाणी घेण्यासाठीं चारी उघडून ती बंद करण्याकडे दुर्लक्ष करणाऱ्यासही भरपाई लावली आहे. शिक्षा कठोर आहे, आणि माणूस विकण्याची तरतूद आज कोणी मान्य करणार नाहीं. परंतु तत्त्व शाबूत आहे. १८६८ सालीं विलायतेंतील हाउस ऑफ लॉर्ड्सनें रायलँड्स विरुद्ध फ्लेचर या दाव्यांत, आपल्या तलावांतील पाणी सुटून शेजाऱ्याच्या खाणींत शिरलें त्याची जबाबदारी तलाव बांधणाऱ्यावर, असा निर्णय दिला, तेव्हां तो मोठा नवा सिद्धांत म्हणून आम्हां विद्यार्थ्यांस शिकविला गेला. त्याचा एक पूर्वज सुसाच्या मातींत पुरलेला होता.

परंतु ज्या कलमासाठीं मीं हा लेख लिहावयास घेतला तें अठ्ठेचाळिसावें. एखाद्यावर कर्ज असेल, आणि पर्जन्यदेवता अदद हिनें त्याचें शेत बुडविलें, अथवा पुरानें पीक नेलें, किंवा पाण्याच्या अभावीं धान्य उगवलें नाहीं, तर त्या वर्षीं त्यानें सावकारास धान्य देऊं नये, आपली पाटी ओली करावी, आणि त्या वर्षाचें व्याज देऊं नये. पाटी ओली करणें म्हणजे काय? कर्जाचें खत मातीच्या पाटीवर लिहिलेलें असे. मातीस पाणी लावलें कीं अक्षर मऊ होतें व मुदत बदलतां येते. जें पाणी शेतास मिळालें नाहीं, तें खतास लावावें! कायद्याच्या रुक्ष भाषेंत अशी गोष्ट क्वचितच सांपडते.

हें कलम सावकारीच्या विरुद्ध आहे असें कोणीं समजूं नये. जवाच्या कर्जावर शेंकडा तेहतीस व चांदीवर शेंकडा वीस हा व्याजाचा रूढ दर त्या देशांत कायदेशीर होता. त्या दरांत दयाळूपणा नाहीं. तसेंच हम्मुराबीच्या वंशांतील अम्मिसदुक राजानें इ. स. पू. सतराव्या शतकांत जी कर्जमाफीची आज्ञा काढली, तींत पोटासाठीं काढलेलीं कर्जें रद्द केलीं, पण व्यापारासाठीं दिलेलें भांडवल स्पष्टपणें वगळलें. भूक आणि व्यापार यांचीं खातीं वेगळीं ठेवण्याची समज त्या राजास होती. मुद्दल बुडत नव्हतें. एका वर्षाचें व्याज सुटत होतें, आणि कूळ जमिनीवर टिकत होतें. कूळ परागंदा झालें तर पाट कोण उपसणार, हा प्रश्न सावकारालाही होता. आमच्या पुणें व नगर जिल्ह्यांत १८७५ सालीं, सुपें येथून आरंभ होऊन, शेतकऱ्यांनीं सावकारांच्या घरांतील खतें ओढून जाळलीं. त्यानंतर १८७९ चा दक्षिणी शेतकऱ्यांचा कायदा आला, आणि खताच्या मागें जाऊन खरा व्यवहार पाहण्याची मुभा न्यायाधीशास मिळाली. पाटी वेळेवर ओली झाली असती तर खत जाळण्याची पाळी आली नसती, असें माझें स्पष्ट मत आहे.

दुष्काळांत धान्याच्या बाजाराचें काय होतें याचीही एक साक्ष सुमेरनें ठेवली आहे. उरचा शेवटचा राजा इब्बी-सिन यानें टंचाईच्या वेळीं इश्बी-एर्रा या अधिकाऱ्यास वीस ‘टॅलेंट’ चांदी देऊन धान्य खरेदीस पाठविलें. पुढच्या काळांत शाळांतून नकलून ठेवलेल्या पत्रांत तो अधिकारी लिहितो कीं, एक ‘शेकेल’ वजनाच्या चांदीस एक ‘गूर’ या भावानें ७२,००० गूर धान्य घेतलें, पण वाटेंत शत्रूची टोळी शिरल्यामुळें तें उरला आणतां येत नाहीं, तरी ६०० नावा पाठवाव्या. नावा आल्या नाहींत. धान्य इसिन नगरांत राहिलें, आणि थोडक्याच काळांत इश्बी-एर्रा तेथें स्वतंत्र राजा होऊन बसला. उर इ. स. पू. २००४ च्या सुमारास पडलें. पैसा होता, धान्य होतें. तें भुकेल्याच्या दारापर्यंत पोंचविण्याची वाट नव्हती.

सुमेरची शेती एका दिवसांत बुडाली नाहीं, आणि केवळ शत्रूनें बुडविली नाहीं. पाट सतत वाहत राहिल्यानें जमिनीखालचें पाणी वर आलें, आणि त्याबरोबर क्षार वर आले. ज्या बागाइतदारांचीं उंसाचीं शेतें चिबड होऊन पांढरीं पडलीं आहेत त्यांस हें समजावून सांगावें लागणार नाहीं. जेकबसेन व ॲडम्स यांनीं १९५८ सालीं मांडलेल्या हिशेबाप्रमाणें, इ. स. पू. ३५०० च्या सुमारास दक्षिण सुमेरांत गहूं व जव जवळजवळ सारखे पेरले जात. अकराशें वर्षांनीं गहूं सहांत एक राहिला, आणि इ. स. पू. १७०० च्या सुमारास नाहींसा झाला, कारण क्षार सोसण्याची शक्ति जवास अधिक, गव्हास कमी. या आंकड्यांविषयीं विद्वानांत मतभेद आहेत, आणि क्षाराखेरीज इतरही कारणें होतीं, हें मान्य. परंतु जमीन एक वर्ष पडीक ठेवून तिला कोरडी होऊं देण्याची जुनी रीत तेथील शेतकऱ्यांस ठाऊक होती. अधिक पिकाच्या लोभानें ती जेथें मोडली, तेथें जमिनीनें विसांवा व्याजासह वसूल केला.

हें सर्व दूरच्या देशाचें झालें असें वाटेल, म्हणून घरची एक गोष्ट. पुणें जिल्ह्यांत शिरूर तालुक्यांत घोड नदीच्या कांठीं इनामगांव येथें डेक्कन कॉलेजानें १९६८ पासून १९८३ पर्यंत उत्खनन केलें. तेथें इ. स. पू. सुमारें १६०० ते ७०० पर्यंत शेतकऱ्यांची वसति होती. वस्तीच्या भरभराटीच्या काळांतील, म्हणजे तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वींचा, एक बांध व पाण्याची चारी तेथें आढळली. जव हें मुख्य पीक होतें. गांवाच्या प्रमुखाच्या घराशेजारीं धान्याचें कोठार होतें. इ. स. पू. १००० नंतर हवामान कोरडें होत गेलें. ऐसपैस चौकोनी घरांच्या जागीं लहान गोल झोंपड्या आल्या, शेती आंखडली, लोक शिकारीकडे व गुरांमागें हिंडण्याकडे वळले, आणि शेवटीं तें गांव उठलें. ज्या तालुक्यांत यंदा आमच्या मंडळीच्या छावण्या आहेत त्यांहून ही जागा फार दूर नाहीं.

सुमेरची साक्ष येथें संपते. आतां मंडळीचें म्हणणें. अन्नछत्रें व छावण्या पाऊस पडेपर्यंत चालूच राहतील. त्यांच्या खर्चास कात्री लावलेली नाहीं. गाळाच्या कामावर मजुरी मापानें दिली जाते, आणि अशक्त माणसांस मापाची अट नाहीं. निघालेला गाळ ज्या जमीनदारांच्या शेतांस हवा आहे त्यांनीं तो आपल्या वाहनांनीं न्यावा, आणि त्याबद्दल मंडळीस जें वाजवी वाटेल तें द्यावें. तळ्याच्या कांठीं ज्यांचीं शेतें आहेत त्यांनीं प्रथम पुढें व्हावें, कारण त्यांच्याच विहिरींस त्या पाण्याचा पाझर आहे. ज्यांचें शेतकऱ्यांकडे येणें आहे अशा गृहस्थांनीं चालू वर्षाचें व्याज सोडल्याचें दोन ओळींचें पत्र चिटणिसांकडे पाठवावें. मुद्दलास हात लावण्याची विनंति आम्ही करीत नाहीं, आणि पत्र पाठविणाऱ्याचें किंवा ऋणकोचें नांव कोठेंही छापलें जाणार नाहीं. खतांत मुदत वाढविण्याची लिखापढी मी व माझे दोन सहकारी विनामूल्य करून देऊं. कामाच्या मापाची वही व खर्चाची खतावणी मंडळीच्या कचेरींत कोणत्याही वर्गणीदारास कामकाजाच्या वेळांत पाहावयास मिळेल.